‘फुल इंजिन केलंय’ सांगून गळ्यात मारलेला ट्रेलर

जुन्या ट्रेलरच्या घोड्यासाठी, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीसाठी, मी १४,६०,००० रुपये मोजले आणि पहिल्याच मोठ्या घाटात इंजिन बसल्यावर कामाचे ३,१२,४०० रुपये वेगळे भरले. मीटरवर ६,८०,००० किलोमीटर होते. ‘फुल इंजिन केलंय’, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधलंय, या दलालाच्या शब्दावर मी विसंबलो नव्हतो. मी बिले मागितली आणि लाइनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), पिस्टन, बेअरिंग अशी सगळी बिले समोर आली. ती कोणत्या इंजिनाची, हे मात्र त्यांवर कुठेच नव्हते.

खरी मेख गाडी बघायला गेलो त्या सकाळीच होती. ठरल्या वेळी पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. ‘टाकीत हवा भरायला चालू ठेवली,’ असे सांगण्यात आले, आणि एअर ब्रेकच्या गाडीला ते करावेच लागत असल्याने कोणालाही पटले असते. थंड इंजिन सेल्फ किती खाते, लागताना निळा धूर सोडते का, हे पाहण्याची वेळ तिथेच हातची गेली. डिपस्टिकवर ऑइल मधासारखे सोनेरी होते. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे पडते, त्यामुळे एवढे स्वच्छ ऑइल म्हणजे आदल्या रात्रीची रंगरंगोटी, हे आता रोज आठवते आणि चीड येते. ब्रीदरला, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या तोंडाला, नवा पाइप जोडून त्याचे टोक चासीमागे वळवले होते, म्हणजे बॅक कॉम्प्रेशनची, झिजलेल्या पिस्टनशेजारून खाली निसटणारी, वाफ समोर दिसू नये. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडायला लावा. तिथून धुराचा जोर येत असेल तर सौदा तिथेच सोडा.

इंजिन उघडल्यावर लाइनरवर उभे ओरखडे दिसले आणि बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबे उघडे पडले होते. स्कॅनर लावला तेव्हा ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, ११,४०,००० किलोमीटर निघाले.

पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून अर्ज बाजूला ठेवला. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, हे त्यांना मी सांगायचे का? आरटीओत उत्तर मिळाले की फिटनेस वैध आहे, आणि फिटनेसमध्ये लाइनर कोणी तपासत नाही. कर्ज देणाऱ्यांच्या मूल्यांककाने २,५०० रुपये घेऊन चासी नंबर आणि टायरचे फोटो काढले आणि ‘इंजिन चालू स्थितीत’ असा शेरा मारला. त्याच कर्जाचा ३७,६०० रुपयांचा हप्ता गाडी उभी असतानाही वेळेवर कापला गेला. ग्राहक आयोगात तर व्यापारी वापराचे वाहन म्हणून दारातूनच परतवू पाहिले. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला सवलत आहे, पण एकच गाडी असलेल्या माणसाने ते कागदोपत्री सिद्ध करत बसायचे आणि दलालाने तोवर पुढची गाडी विकायची.

सौदापत्रातली ‘आहे त्या स्थितीत’ ही ओळ माझ्यावरच उलटली. ती खोडायला लावा, ईसीएममधले किलोमीटर आणि इंजिनाचे तास त्याच कागदावर लिहून घ्या, आणि दलालाने आणलेल्या मिस्त्रीला गाडीजवळ फिरकू देऊ नका.