बाळ पायाळू आहे: बाहेरून फिरवून बघायचं की थेट सीझरची तारीख घ्यायची?

सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत अजून ब्रीचच (डोक्याऐवजी ढुंगण किंवा पाय खाली) आलंय आणि डॉक्टरांनी 'विचार करून सांगा' म्हणून घरी पाठवलंय, अशांसाठी हे लिहितेय. माझं दुसरं बाळंतपण होतं, पहिलं नॉर्मल झालेलं, बाळ मांडी घालून बसल्यासारखं, पाणी व्यवस्थित, आणि माझा रक्तगट निगेटिव्ह. तुमचं चित्र वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं हे आधीच सांगते.

ब्रीचमध्येच नॉर्मल डिलिव्हरी हा तिसरा पर्याय मी पटकन सोडला. २००० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या टर्म ब्रीच ट्रायलमध्ये २६ देशांतल्या दोन हजारांवर बायका होत्या आणि ठरवून केलेल्या सीझरमध्ये बाळांना लगेचचा धोका कमी दिसला. नंतर दोन वर्षांची झाल्यावर त्यातल्या मुलांमध्ये फारसा फरक नव्हता, पण तोवर सगळीकडे सीझरच सुरू झालेलं आणि ब्रीच काढायची सवय असलेले हात कमी होत गेले. अंग बाहेर आलं आणि डोकं अडकलं, ही वेळ क्वचित येते, पण आली तर समोर अनुभवीच माणूस हवं. मला तसं कोणी जवळ मिळालं नाही. तुम्हाला मिळालं तर जरूर बोला त्यांच्याशी.

आता ईसीव्ही, म्हणजे पोटावरून हाताने बाळ फिरवणं. घाबरवणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. वार सुटू शकते, नाळेवर दाब येऊन ठोके पडू शकतात, बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. पण प्रमाण बघा, ईसीव्हीनंतर तातडीचं सीझर लागणं साधारण दोनशेत एक. म्हणून ते ओटी तयार असलेल्या हॉस्पिटलातच करायचं, दवाखान्याच्या टेबलावर नाही. यशाचं म्हणाल तर पहिलटकरणीत शंभरात चाळीसेक, आधी बाळंतपण झालेलीत साठेक. आधी अर्धा तास एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची पट्टी, मग गर्भाशय सैल पडायला टर्ब्युटालिनचं इंजेक्शन, त्याने छाती धडधडते आणि हात थरथरतात, आणि मग डॉक्टरांनी बाळाचं ढुंगण वर उचलून डोकं ढकलायला सुरुवात केली. दुखतं, खोटं सांगणार नाही, पण कळांसारखं नाही, खोल दाबल्यासारखं. फिरल्यावर ठोके खाली आले, खोलीत सगळे गप्प, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि थोड्या वेळात ठोके जागेवर आले. असं तात्पुरतं खाली जाणं बऱ्यापैकी होतं, हे आधी माहीत होतं म्हणून निभावलं. निगेटिव्ह असल्यामुळे नंतर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं (बाळाचं रक्त मिसळलं असेल तर माझ्या शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू नयेत म्हणून), ते विसरू देऊ नका. फिरलेलं बाळ परत उलटं होणं शंभरात पाचपेक्षा कमी, आणि फिरल्यावरही कळांमध्ये सीझर लागायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त राहते.

सीझरबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. बाळासाठी या घडीला ते अतिशय सुरक्षित आहे. त्याच्या दुर्मीळ गुंतागुंती बहुतेक पुढच्या गरोदरपणात निघतात, म्हणून 'या वेळी सगळं छान झालं' एवढ्यावर हिशोब संपत नाही. पुढच्या वेळी वार खाली येऊन जुन्या टाक्यांवर बसली तर ती गर्भाशयात रुतायची शक्यता आधी एक सीझर झालेलीत साधारण ११ टक्के, दोन झालेलीत ४० टक्के. मग रक्त किती जाईल, पिशवी वाचेल की नाही, इथपर्यंत जातं. वार खाली येणं मुळात क्वचित घडतं, त्यामुळे अजून मूल नकोच असेल तर हा मुद्दा तुम्हाला हलका वाटेल आणि ते बरोबरच आहे.

पण माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट कुठल्याच पेपरात नसते, ती म्हणजे तारीख. सीझरची तारीख घ्यायची म्हटलं की ती घरातल्या सगळ्यांची होते. माझ्या जाऊबाईंचं ब्रीचच होतं, डॉक्टरांनी ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर म्हणून सांगितलेलं, मग पंचांग निघालं, त्या आठवड्यात अमावस्या, पुढे मूळ नक्षत्र, गुरुजींनी सकाळची वेळ काढून दिली, आणि बघता बघता सीझर ३७ संपता संपता झालं. बाळाला धाप लागली, एनआयसीयूत ठेवावं लागलं. आता बरं आहे, धावतंय. पण कळा न येता आणि लवकर काढलं की फुप्फुसातलं पाणी नीट शोषलेलं नसतं, म्हणून तर ३९ पर्यंत थांबतात. माझ्या वेळी सासूबाईंनी प्रेमानेच विचारलं, 'अगं मग मुहूर्त बघायचा ना?' आणि मला पोटात गोळा आला, कारण मला रोज कुणाशी तरी दोन दिवस इकडे की तिकडे यावर बोलायचं नव्हतं. बाळ फिरलं की तारखेचा विषयच संपतो, ते त्याच्या वेळी येतं. मला फिरवून बघण्याची ओढ यानेच लागली, आकडे मी नंतर वाचले.

आणखी एक, ३९ पर्यंत थांबायचं म्हणजे तोवर उलटं बाळ घेऊन घरी राहायचं. पाय खाली असलेल्या बाळात पाणी फुटल्यावर नाळ बाहेर यायची शक्यता शंभरात दहाच्या वर जाते, ढुंगण खाली आणि पाय सरळ वर असतील तर मात्र ती जवळपास सरळ बाळाइतकीच. हॉस्पिटल तासभर लांब असेल आणि बाळाचा पाय खाली असेल तर शेवटचे दिवस जवळ राहायला जा किंवा अॅडमिशनचं विचारा. नाळ हाताला लागली तर आत ढकलायची नाही, गुडघ्यांवर ओणवं व्हायचं, डोकं खाली ढुंगण वर, आणि १०८ लावायला सांगायचं.

वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पाणी फुटलेलं असेल, जुळी असतील किंवा ठोक्यांची पट्टी नीट नसेल तर फिरवायचा हट्ट करू नका, सीझरच घ्या. आधीचं सीझर असेल तर डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा, तिथे दोन मतं ऐकायला मिळतील. आपल्याकडे बरेच डॉक्टर ईसीव्ही स्वतःहून सुचवत नाहीत, म्हणून सरळ विचारा की तुम्ही वर्षात किती करता, ओटी आणि भूल देणारे त्या वेळी असतील का. उत्तर गुळमुळीत आलं तर मी तरी तिथे करून घेणार नाही. बाकी अडचण नसेल तर मला वाटतं एकदा फिरवून बघावं, नाहीच फिरलं तर सीझर आहेच, आणि तेव्हा ३९ च्या आतली तारीख कुणीही काढून आणली तरी घेऊ नये.

नंतर बाळ फिरलं असो नसो, शेवटच्या महिन्यापर्यंत ब्रीच राहिलेलं असेल तर जन्मानंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. आमच्या पीडियाट्रिशियननी ती डिस्चार्ज कार्डावरच लिहून दिली होती, तुमच्यावर नसेल तर मागून घ्या.