घड्याळ माझंच परत आलं, चेन मात्र दुसरीच होती

माझा टॉवेलचा छोटा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. तीस वर्षं झाली, रोज सकाळी पहिला हात मालावर जातो. टॉवेल हातात घेतला की त्याचं वजन कळतं, लूप किती दाट आहे ते कळतं, सूत कुठलं असेल याचा अंदाज येतो. तरीही माझ्या मनगटावरची चेन बदलली गेली आणि ते पक्कं कळायला मला अडीच महिने लागले. तुमच्याकडे महागडं घड्याळ असेल आणि त्याची एखादी कडी कमी करायला तुम्ही ते कुणाकडे देणार असाल, तर आधी हे वाचा.

घड्याळ रोलेक्सचं डेटजस्ट, 36 मिलिमीटरचं, साध्या स्टीलचं. 2016 मध्ये पुण्यात कंपनीच्या अधिकृत दुकानातून घेतलं. तेव्हा एका लहान गाडीइतके पैसे मोजले होते. कारखान्याचं शेवटचं कर्ज फिटलं त्या वर्षी बायको म्हणाली, "अहो, आयुष्यभर मशिनंच घेतलीत, आता एक वस्तू स्वतःसाठी घ्या." म्हणून घेतलं.

दुकानात मी तासभर नुसत्या चेनच बघत बसलो होतो. लोक डायल बघतात, पण घड्याळ दिवसभर अंगाला लागतं ते चेनमुळे. माझ्यासमोर दोन होत्या. ज्युबिली ही पाच तुकड्यांच्या बारीक कड्यांची चेन कंपनीने 1945 साली, स्थापनेच्या चाळिसाव्या वर्षी, डेटजस्टबरोबरच आणली. ती हातावर अशी पडते जसं बारीक सुताचं धुतलेलं कापड पडतं. मनगटाच्या गोलाईला चिकटून राहते, मधल्या फटींतून हवा खेळते. ऑयस्टर त्याहून जुनी, तीन रुंद सपाट तुकड्यांची. ती घालताना थोडी ताठ वाटते, पण सांधे कमी. सांधे जितके जास्त तितक्या झिजायच्या जागा जास्त. माझ्या एका व्यापारी मित्राची जुनी ज्युबिली वीस वर्षांत इतकी सैल झाली आहे की आडवी धरली की धनुष्यासारखी वाकते. शिवाय माझ्या कारखान्यात हवेत सुताचा तंतू कायम उडतो, तो घामाबरोबर कड्यांत जाऊन बसतो. साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने ऑयस्टर चटकन साफ होते. म्हणून मी ऑयस्टर घेतली. तेव्हाच दोन कड्या माझ्या मापाने काढल्या आणि दुकानदाराने त्या एका छोट्या पिशवीत घालून डब्यात ठेवल्या. या दोन कड्या लक्षात ठेवा.

नऊ वर्षं त्या चेनने मला कधी त्रास दिला नाही. सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो, दुपारी मनगट सुजल्यासारखं होतं आणि सकाळी नीट बसलेली चेन आवळायला लागते. या चेनच्या लॉकमध्ये एक घडी घालून ठेवलेली जास्तीची कडी असते. ती उघडली की लांबी पाच मिलिमीटरने वाढते. हत्यार लागत नाही, नख पुरतं. मी दुपारी ती उघडायचो, रात्री जेवायला बसताना मिटायचो. पाच मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण ज्याने मे महिन्यात नव्या पेठेत दुपारी दोन वाजता गाडी लावायला जागा शोधली आहे त्याला त्याची किंमत कळेल.

2024 च्या दिवाळीनंतर मला डेंग्यू झाला. वजन नऊ किलोने उतरलं. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली, फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न होतं आणि एक कडी काढायची एवढंच काम होतं. पुण्याला जायला सवड नव्हती. शहरातच एका दुकानाचं नाव दोघातिघांनी सांगितलं. मोठी घड्याळं तिथेच जातात, हात चांगला आहे, असं म्हणाले. नाव मी इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

दुकानदार अतिशय गोड बोलणारा. "शेठ, माल भारी हाय की ओ तुमचा," म्हणाला. कडी काढायला दहा मिनिटं लागतील असंही म्हणाला. मी समोरच्या स्टुलावर बसलो. त्याने भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. या चेनचे स्क्रू कंपनी चिकट द्रव लावून बसवते, गरम केल्याशिवाय सुटणार नाहीत, घाईत केलं तर खाच तुटेल. ही गोष्ट खरी आहे, मी नंतर खात्री करून घेतली. फसवणारा माणूस पहिल्यांदा एक खरी गोष्ट सांगतो, कारण मग पुढचं सगळं आपण त्याच विश्वासावर ऐकतो. पुढचं असं होतं: "लग्न हाय तर पॉलिशबी करून देतो, नव्यासारखी दिसंल. उद्या संध्याकाळी या." मी घड्याळ ठेवून आलो. पावती मागितली नाही. त्याने वहीत माझं नाव लिहिलेलं मी पाहिलं, तेवढ्यावर समाधान मानलं.

दुसऱ्या दिवशी चेन लखलखत होती. बाराशे रुपये दिले. आता लक्षात येतं की सगळी मेख त्या पॉलिशमध्ये होती. नऊ वर्षांचे ओरखडे माझ्या ओळखीचे होते. लॉकवर लूमच्या फ्रेमला घासून पडलेली एक तिरकी रेघ होती. ते सगळं गेलेलं दिसलं तरी मला शंका आली नाही, कारण पॉलिशला मीच होकार दिला होता. वस्तू वेगळी दिसण्याचं कारण त्याने आधीच माझ्या हातात देऊन ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशीच मनगटावरचे केस ओढले जायला लागले. नऊ वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मला वाटलं, कडी कमी केल्याने चेन घट्ट झाली असेल. मग लक्षात आलं की कड्यांच्या कडा बोटाला लागतात. मूळ चेनवर कड उलटसुलट कशीही घासा, बोट सरकत जायचं. चांगल्या टॉवेलची किनार आणि घाईत शिवलेली किनार यांत जो फरक असतो तोच. लॉक मिटताना आधी एक भरीव आवाज यायचा, आता डब्याचं झाकण लागल्यासारखा यायचा. ती पाच मिलिमीटरची कडी आपोआप उघडायला लागली. घड्याळाच्या दोन कानांमध्ये चेनचा जो शेवटचा तुकडा बसतो, तिथे केसाएवढी फट दिसत होती आणि हलवलं की तो तुकडा किंचित वाजायचा. ही चिन्हं मी एकेक करून पाहिली आणि प्रत्येकाला काहीतरी कारण शोधून दिलं. माणूस ओळखीतून मिळाला होता, म्हणून मन तिकडे जायला तयार नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मनगटाला लाल चट्टे उठले, खाज सुटली, चेनखाली काळसर डाग पडायला लागले. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चट्ट्यांचा आकार पाहिला आणि घड्याळ काढायला लावलं. कापसावर औषधाचे दोन थेंब घेऊन चेनवर घासले. कापूस गुलाबी झाला. निकेल सुटत असेल तर असा रंग येतो. मी म्हटलं, डॉक्टर, हे रोलेक्स आहे, नऊ वर्षं वापरतोय. त्यांनी मला समजावलं की चांगल्या स्टीलमध्येही निकेल असतं, पण ते मिश्रणात पक्कं बांधलेलं असतं, घामाने सहज बाहेर येत नाही. ही कंपनी 904एल नावाचं स्टील वापरते, बाकीच्या बऱ्याच चांगल्या कंपन्या 316एल. पहिल्यात निकेल उलट जास्तच असतं, तरी मीठ आणि घाम यांपुढे ते जास्त टिकतं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "तुमच्याकडे या चेनचा जुना एखादा तुकडा आहे का?"

घरी येऊन कपाटातला डबा काढला. हिरव्या कार्डाखाली ती पिशवी होती, दोन कड्या तशाच. त्या मी चेनला लावून पाहिल्या. रंगातच फरक. माझ्या कड्या थोड्या पांढुरक्या, शांत चकाकीच्या. मनगटावरची चेन निळसर झगझगीत. कारखान्यातल्या फिटरला बोलावून स्क्रू काढायला लावला. माझ्या कडीचा स्क्रू त्या चेनमध्ये दोन आटे गेला आणि अडला. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तेच. व्हर्नियरने मापलं तर जाडीतही फरक निघाला.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफाकडे गेलो. ही चेन घड्याळाकडून लॉककडे निमुळती होत जाते, त्यामुळे कुठलीही कडी कुठल्याही कडीशी तोलून चालत नाही. लॉकजवळच्या, स्क्रूने सुटणाऱ्या दोन कड्या काढल्या आणि माझ्या दोन कड्यांसमोर तोलल्या. माझ्या जवळपास अर्ध्या ग्रॅमने जड भरल्या. सराफाने काट्याच्या आकड्यांसह चिठ्ठी लिहून दिली. तिथून परत डॉक्टरांकडे गेलो. माझ्या कड्यांवर घासलेला कापूस पांढराच राहिला.

विकायचा नसलेला टॉवेलसुद्धा मी तोलून घेतो, आणि हे घड्याळ देताना तोललं नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. देण्याआधी पूर्ण घड्याळाचं वजन माहीत असतं तर परत घेताना काउंटरवरच कळलं असतं. कुठल्याही सराफाकडे दोन मिनिटांचं काम आहे. लॉकच्या आतल्या पत्र्यावर अक्षरं-आकडे कोरलेले असतात, त्याचा फोटो माझ्याकडे नव्हता. घड्याळाचा क्रमांक कार्डावर आहे, आणि घड्याळ माझंच आहे, आतलं मशीनही मूळचंच निघालं. माझ्याकडे चेनचा पुरावा म्हणून फक्त त्या दोन कड्या होत्या.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणी उगाच घाबरेल. चेन हलकी किंवा पोकळ लागली म्हणजे ती खोटीच, असं धरू नका. जुन्या काळी चांगल्या कंपन्याही दुमडलेल्या पत्र्याच्या, आतून पोकळ कड्या करत. चाळीस वर्षांपूर्वीचं घड्याळ घरात असेल तर त्याची चेन खुळखुळू शकते. तोलायचं ते स्वतःच्याच जुन्या मापाशी, दुसऱ्याच्या घड्याळाशी नाही.

दुकानात गेलो तेव्हा तो हसत उठला. मी कड्या काउंटरवर ठेवल्या. त्याचा चेहरा बदलला, आवाज बदलला नाही. "शेठ, तुम्ही दिलं तेच दिलंय मी. ह्या कड्या कुठल्या घड्याळाच्या हायत मला काय माहीत?" वही दाखवा म्हटलं. वहीत माझ्या नावापुढे नुसतं "कडी 1, पॉलिश" लिहिलं होतं. कुठलं घड्याळ, कुठली चेन, काही नाही. मूळ चेनला वापरलेल्या मालाच्या बाजारात चांगली किंमत मिळते. ज्यांच्याकडे त्या कंपनीचं नुसतं घड्याळ आहे आणि चेन खराब झाली आहे, ते अशीच शोधत असतात. माझी चेन त्याच दिवशी शहराबाहेर गेली असेल.

पोलिसांकडे अर्ज दिला. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू बळकावणं आणि फसवणूक, ही भारतीय न्याय संहितेतली कलम 316 आणि 318. हवालदारांनी पहिल्यांदा विचारलं ते पावतीचंच. वकिलांनी ग्राहक आयोगाचा रस्ताही सांगितला. तिथे घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, आणि एवढ्या लहान मोबदल्याच्या कामाला फी लागत नाही. बाराशे रुपये मी मोबाइलवरून भरले होते, त्याची नोंद निघाली. निदान त्या दिवशी पैसे दिले एवढं तरी सिद्ध झालं, रोख दिले असते तर तेही हाताला लागलं नसतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. रोख दिले असते तर तेही हाताला लागलं नसतं.

मे महिन्यात आमच्या चाळीतून मोठे झालेले एक डॉक्टर सकाळच्या फिरण्यात भेटले. त्यांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प चालत राहिले. मग म्हणाले, "मामा, मी पण तिथेच दिलं होतं. दोन वर्षं झाली. पॉलिशपण केलं होतं त्यानं." त्यांचं घड्याळ ओमेगाचं. संध्याकाळी त्यांच्या घरी डबा उघडला. तीन कड्या निघाल्या. आम्ही दोघांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरून एकेक लावून पाहिली. एकही बसली नाही.

आता अर्ज दोघांचा आहे. सोलापुरात गेल्या चार-पाच वर्षांत तुम्ही चेन लहान करायला किंवा पॉलिशला घड्याळ दिलं असेल, तर जुना डबा शोधून त्यातली कडी चेनला लावून पाहा. बसली नाही तर स्वतः दुकानात भांडायला जाऊ नका, मी गेलो आणि त्याला सावध करून आलो. कडी, डबा, पैसे भरल्याची नोंद घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा, आणि आमच्या अर्जाचा उल्लेख करा.