नोटा की जुना ४९-ओ?
२०१३ पूर्वी सगळेच उमेदवार नकोसे असतील तर नियम ४९-ओ होता. मतदान केंद्राध्यक्षांना तसं सांगायचं, त्यांनी नोंदवहीत शेरा मारायचा आणि आपण सही किंवा अंगठा द्यायचा. उमेदवारांचे प्रतिनिधी समोरच बसलेले! गावात राहून एवढं धाडस कोण करणार?

सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतदान यंत्रावर 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' असं बटण आलं. त्यात गुप्तता राहते, शिवाय नकाराचा आकडा उमेदवारांच्या मतांसोबतच जाहीर होतो. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. आमदार मात्र निवडून आलाच.

निकाल फिरवण्याची ताकद ४९-ओत नव्हती, लोकसभा-विधानसभेच्या नोटातही नाही. तरी मी नोटाच निवडेन, निदान नकार कुणाचा हे गावभर होत नाही.