आठ महिने ‘कर्बल’: सहा टनांचा लँडर दोन टनांवर कसा आला

1 जूनला मासेमारी बंद झाली, हर्णैत काकांची बोट वर ओढून शाकारली आणि डिझेलचा हिशेब ठेवायचं माझं काम दोन महिन्यांपुरतं सुटलं. त्या रिकामपणात सेलमध्ये ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा रॉकेट बांधून उडवायचा गेम घेतला. आता फेब्रुवारी चाललाय. सीझन सुरू होऊनही रात्रीचा एखादा तास अजून या गेमलाच जातो, आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच गोष्टीवर: मुनवर, म्हणजे गेममधल्या चंद्रावर, कमीत कमी इंधनात उतरून परत येणारा लँडर.

मुनची त्रिज्या जेमतेम 200 किलोमीटर. पण गुरुत्वाकर्षण 1.63 मीटर प्रतिसेकंद वर्ग, आपल्या चंद्राच्या 1.62 ला अगदी खेटून. त्यामुळे शेवटचे शंभर मीटर खऱ्यासारखेच वाटतात. कक्षेतला वेग मात्र सेकंदाला साधारण 560 मीटर, खऱ्या चंद्राभोवती तो 1,680 च्या आसपास असतो. खरं काम करणाऱ्यांना हा गेम किती सोपा वाटत असेल, कुणास ठाऊक.

माझा पहिला लँडर सव्वासहा टनांचा होता. मोठी टाकी, टेरियर इंजिन, जाडजूड पाय, चार दिवे, गरजेच्या तिप्पट बॅटऱ्या. तो उतरला, आडवा झाला आणि तसाच राहिला. त्याहून वाईट म्हणजे वरचा एक टन न्यायला खाली कितीतरी टन रॉकेट लागतं. कर्बिनवरून, म्हणजे गेममधल्या पृथ्वीवरून, कक्षेत जायलाच 3,400 मीटर प्रतिसेकंद डेल्टा-व्ही खर्च होतो, पुढे मुनकडे निघायला 860 आणि तिथल्या कक्षेत थांबायला आणखी 300. डेल्टा-व्ही म्हणजे टाकीतल्या इंधनावर एकूण किती वेग बदलता येईल तो साठा. लिटरचा हिशेब इथे कामाचा नाही, हे कळायलाच मला पंधरवडा लागला.

आणखी एक चूक जुलैभर केली. टेरियरची इंधन-कार्यक्षमता 345 सेकंद, छोट्या स्पार्कची 320. जास्त आकडा म्हणजे कमी इंधन, म्हणून मी टेरियर सोडायला तयार नव्हतो. पण टेरियरचं वजन अर्धा टन आणि स्पार्कचं 130 किलो. एकाच माणसाची केबिन, एक टन इंधनाची तीच छोटी टाकी आणि हलके पाय ठेवून दोन्ही इंजिनं लावून पाहिली. टेरियरने सुमारे 1,750 डेल्टा-व्ही दिले, स्पार्कने 2,020. लँडर एवढा लहान असला की इंजिन स्वतःच ओझं होतं. जोर कमी पडेल ही भीतीही फुकाची निघाली. मुनवर त्या 2.1 टनांच्या लँडरला स्पार्कचा जोर वजनाच्या साडेपाच पटींहून जास्त भरतो. (तळाच्या डेल्टा-व्ही पट्टीत ग्रह बदलून मुन निवडा, नाहीतर तिथला जोराचा आकडा कर्बिनचा दिसतो. मी दीड महिना तोच बघत होतो.)

मुनच्या कक्षेतून उतरायला डेल्टा-व्ही लागतात साधारण 580, वर चढायला तेवढेच. सगळ्यात जास्त इंधन मी घाबरून घालवलं. उंचावर ब्रेक लावायचा, मग सरळ उभं राहून हळूहळू खाली यायचं. मुनवर नुसतं तरंगत राहिलं तरी दर सेकंदाला 1.63 जातात, म्हणजे मिनिटाला जवळपास 98. आता 10 किलोमीटरच्या कक्षेतून आडवा वेग मारत येतो आणि शेवटचा जोर उशिरा लावतो. 23 ऑगस्ट 2023 चं चंद्रयान-3 चं उतरणं नंतर पुन्हा बघितलं, तेव्हा विक्रम 30 किलोमीटरवरून खाली येताना इतका वेळ आडवाच का असतो ते कळलं. त्या वेळी घरातले सगळे फक्त उंचीचा आकडा बघत होतो.

काका तांडेल आहेत, बोट त्यांच्या हातात. एकदा मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, “परतीचं डिझेल उचलून मासे मारायच्या जागी कशाला नेतोस? वाटेत ठेव की.” समुद्रात तसं ठेवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक. पण अवकाशात येतं, आणि अपोलोत तेच केलं होतं. उष्णतारोधक कवच, पॅराशूट आणि परतीचं इंधन कक्षेतल्या यानात राहिलं, खाली गेला फक्त लँडर. मीही यान वर सोडलं आणि टाकी अर्धी केली. कागदावर 1,230 मिळत होते, गरज 1,160. सत्तरची शिल्लक, आणि उतरताना मी खडकाळ उतार टाळायला थोडा तरंगलो. परतताना टाकी कोरडी पडली. व्हॅलेंटिनाला, म्हणजे गेममधल्या माझ्या अंतराळवीराला, बाहेर काढून पाठीवरच्या जेटपॅकवर यानापर्यंत उडवत नेलं. लँडर गेला तो गेला. आता पुन्हा एक टनाचीच टाकी लावतो.

तक्रारी आहेत. धडे तोकडे आहेत, डॉकिंग, म्हणजे कक्षेत दोन यानं जोडणं, तर मी व्हिडिओ बघूनच शिकलो. मोठ्या रॉकेटला माझा जुना लॅपटॉप पंख्यासकट रडतो. उतारावर लँडर कधीकधी इंच इंच घसरत राहतो, ते बघवत नाही. पावसात वीज गेली आणि बॅटरी थकलेली असली की तासाभराचं उड्डाण जातं. एफ-5 ने सेव्ह करायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

सध्या मिन्मसवर, म्हणजे कर्बिनच्या दुसऱ्या, छोट्या चंद्रावर, काम चालू आहे. तिथलं गुरुत्वाकर्षण 0.49, त्यामुळे सगळ्यात छोटं अँट इंजिन पुरतं. काकांना त्याचं वजन सांगितलं, वीस किलो. म्हणाले, “म्हणजे बांगड्याचा एक क्रेट.”