रसद तुटली की कळतं : 'युनिटी ऑफ कमांड' आठ महिने खेळल्यावर

उन्हाळ्यात रविवारी दुपारी आमच्या मधल्या खोलीतला पंखा बंद असायचा. ग्वाल्हेरचा मे महिना, बाहेर 45 अंशाच्या वर पारा, दारावर लूच्या झळा, आणि आत आम्ही चौघे युद्धखेळाच्या पटाभोवती घामाने भिजलेले. पंखा लावायची सोय नव्हती, कारण अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या उडायच्या. एकदा एकविसाव्या पॅन्झर म्हणजे जर्मन रणगाडा डिव्हिजनची सोंगटी सापडत नव्हती म्हणून डाव अर्ध्यावर थांबवून सगळी सतरंजी झाडली होती. यंदाच्या उन्हाळ्यात प्रथमच पंखाही फिरत होता, कूलरही चालू होता आणि लढाईही चालली होती. एवढ्यासाठी कुणी संगणकावरचा खेळ घेणार नाही हे कबूल. पण आमच्या बाबतीत सुरुवात तिथूनच झाली.

आम्ही लष्करातले. ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, लष्कर हे आमच्या शहराच्या एका भागाचं नाव आहे. 1810 साली दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला, तो उठलाच नाही, त्याचं शहर झालं. नाना निवृत्त शिक्षक, बापू रेल्वेतून निवृत्त, वकीलसाहेबांची प्रॅक्टिस अजून चालू आहे, आणि मी बँकेतून निवृत्त. 1987 साली बापूंच्या थोरल्या भावाने अमेरिकेहून 'आफ्रिका कोर'चा डबा आणला. अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीचा 1964 सालचा हा खेळ. षट्कोनी घरांचा नकाशा, प्रत्येक सोंगटीवर ताकद आणि चाल यांचे आकडे, एक फासा, आणि हल्ल्याचा निकाल सांगणारा तक्ता. आपलं बळ तीनास एक जमेपर्यंत हल्ला करायचा नाही, हे सूत्र आमच्या अंगात त्या डब्यामुळे मुरलं. पुढे आणखी पाच-सहा डबे आले. काही पट आम्हीच ड्रॉइंग पेपरवर आखले.

संगणकावरचे खेळ आम्ही याआधी दोनदा पाहून सोडून दिले होते. वकीलसाहेबांच्या मुलाने एक दाखवला, त्यात घड्याळ सतत पळत असतं आणि ज्याचं बोट चपळ तो जिंकतो. दुसऱ्यात शंभर पडदे, कारखाने, मंत्रिमंडळ, तेलाचे सौदे. दोन्ही खेळ वाईट नसतील. पण आम्हाला नकाशासमोर बसून विचार करायचा असतो. चहाचा कप हातात धरून दहा मिनिटं गप्प राहता आलं पाहिजे, आणि तेवढ्या वेळात कुणी आपल्यावर चाल करून येता कामा नये.

माझी पुतणी पुण्याला असते. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "काका, हा खेळ पाळीपाळीने आहे आणि याला षट्कोनी घरंच आहेत, एकदा बघा तरी." तिने माझ्या लॅपटॉपवर 'युनिटी ऑफ कमांड' घालून दिला. क्रोएशियातल्या टूबायटू गेम्स या छोट्या चमूने बनवलेला हा खेळ 2011 सालचा आहे, म्हणजे तसा जुनाच. याचा एक फायदा झाला, माझ्या साध्या लॅपटॉपवर तो कुरकुर न करता चालतो. विषय पूर्व आघाडी, 1942 च्या उन्हाळ्यातल्या जर्मन मुसंडीपासून 1943 च्या वसंतापर्यंत. जर्मनांकडून खेळा किंवा सोव्हिएतांकडून.

नानांनी पहिल्या दिवशीच तोंड फिरवलं. त्यांना पायदळाची खूण म्हणून चौकटीतली फुली पाहायची सवय, आणि इथे सैनिकांचे अर्धपुतळे आणि छोटे रणगाडे. "हे खेळण्याचं दुकान आहे," म्हणाले. मला मात्र तिसऱ्या चालीला जे दिसलं त्याने मी जागीच बसून राहिलो.

या खेळात रसद दिसते. रसद रेल्वेमार्गाने येते, आणि रुळांपासून तुम्ही जितके लांब जाल तितकी ती आटत जाते. दलदल, जंगल, नदी, चिखल, बर्फ, प्रत्येकाचा त्यावर परिणाम होतो. एक कळ दाबली की आपल्या सैन्याला कुठवर दाणापाणी आणि दारूगोळा पोचतो आहे ते नकाशावर उमटतं. शत्रूची एखादी तुकडी रुळांवर येऊन बसली की तिच्या पलीकडचं सगळं कोरडं पडतं. पहिल्या पाळीत तुकडीवर फक्त इशाऱ्याची खूण येते, लढण्याचं बळ बरंचसं शाबूत असतं. पाळ्या उलटत जातात तसतशी ती खिळखिळी होते, आणि शेवटी पूर्ण ताकदीची रणगाडा डिव्हिजन साध्या पायदळापुढे टिकत नाही.

पटावरही रसदीचे नियम होते, नाहीत असं नाही. 'आफ्रिका कोर'मध्ये रसदीची वेगळी सोंगटी असते, ती जवळ असल्याशिवाय हल्ला करता येत नाही, आणि रोमेल या जर्मन सेनापतीच्या बाजूला ती येते की समुद्रात बुडते हे फासा ठरवतो. उत्तम नियम. पण मोठ्या पटांवर प्रत्येक तुकडीपासून मागे घरं मोजत रेल्वेपर्यंत जायचं, वाटेत शत्रूचा दाब कुठे आहे ते पाहायचं, हे चाळीस सोंगट्यांसाठी दर पाळीला कोण करणार? आम्ही तिसऱ्या पाळीनंतर "रसद आहे असं समजू या" म्हणत आलो. पस्तीस वर्षं युद्धाचा अर्धा भाग आम्ही समजून चालण्यावर सोडला होता. हे मला त्या संध्याकाळी फार तीव्रतेने जाणवलं.

डिसेंबरातली एक गोष्ट सांगतो. नया बाजारातून आणलेली गजक मध्ये ठेवून आम्ही तिघे जर्मन बाजू खेळत होतो. डॉन नदीच्या दिशेने जाताना समोर भगदाड पडलं. तीन रणगाडा डिव्हिजन्स सुसाट पुढे काढल्या. बापू रेल्वेतले, ते दोनदा म्हणाले, "मागे रुळांवर कुणीतरी ठेवा हो." आम्ही म्हटलं, मागे आहे कोण? दोन पायदळ डिव्हिजनांमध्ये दोन घरांची फट राहिली होती. संगणकाने त्या फटीतून एक साधी रायफल डिव्हिजन आत सरकवली आणि रुळांवर बसवली. हल्ला कुणावरच केला नाही. पुढच्या पाळीला तिन्ही पॅन्झरांवर इशाऱ्याची खूण. रस्ता मोकळा करायला मागे वळावं तर पुढचं शहर हातचं जातं, पुढे जावं तर बळ गळतं. आम्ही पुढे गेलो. तीन पाळ्यांत तिन्ही डिव्हिजन्स संपल्या.

नाना तोवर बाजूला बसून पेपर वाचत होते. ते उठले, पडद्यापाशी आले, त्या एका रायफल डिव्हिजनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बागपत आहे." खोलीत काही वेळ कुणी बोललं नाही.

मराठी घरात, त्यातही शिंद्यांच्या ग्वाल्हेरात, हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. तरी तरुण वाचकांसाठी सांगतो. पानिपतच्या मोहिमेत 17 ऑक्टोबर 1760 ला सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला, भरपूर धान्य हाती लागलं. त्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दोन अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातून, शत्रूची रसद तोडायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं, ते डिसेंबरात मारले गेले. 14 जानेवारी 1761 ला सैन्य रणात उतरलं ते उपाशी पोटी. गारद्यांच्या तोफा, विश्वासरावांचा मृत्यू, यावर आम्ही लहानपणापासून वाद घालत आलो. जनकोजी शिंदे तिथेच गेले, महादजी पायाची जखम घेऊन परतले, या गोष्टी घराघरात सांगितल्या जातात. पण लढाई आधीच कुठे हरली गेली होती, ते डोळ्यांनी पाहण्याचा अनुभव मला पुस्तकांनी दिला नव्हता. या खेळाने दिला.

त्या दिवसापासून नाना आमच्यात सर्वांत जास्त खेळतात.

पुढे आम्ही सोव्हिएत बाजू घेतली. ऑपरेशन युरेनस, 19 नोव्हेंबर 1942. इतिहासात सोव्हिएतांनी स्टालिनग्राडमधल्या सहाव्या जर्मन सैन्यावर सरळ हल्ला केला नाही. त्याच्या दोन्ही बगलांवरच्या रुमेनियन फौजा फोडल्या आणि 23 तारखेला कलाचजवळ दोन्ही टोकं मिळवली. आत अडीच-तीन लाख माणसं अडकली. त्यांना विमानांनी रोज किमान 300 टन सामान लागत होतं, सरासरी त्याच्या निम्मंही पोचलं नाही. 2 फेब्रुवारी 1943 ला सगळं संपलं. खेळात हाच डाव आम्ही पहिल्यांदा पटावरच्या सवयीने खेळलो. वेढा पडला रे पडला की आतल्यांवर तुटून पडलो. आपलीच माणसं गेली, बाहेरची फळी पातळ झाली आणि जर्मनांनी वेढा फोडला. दुसऱ्या खेपेला नानांनी हात धरला. "आतल्यांना शिवायचं नाही. बाहेरचं कडं जाड करा आणि दोन पाळ्या थांबा." थांबलो. तिसऱ्या पाळीला तेच जर्मन मातीच्या ढेकळासारखे फुटले. नवीन घेणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे, हल्ल्यापेक्षा थांबायला शिका. आणि पूल सांभाळा. पूल उडवणं आणि दुरुस्त करणं हे दोन्ही या खेळात आहे, आणि एका पुलावर अख्खी मोहीम अडकलेली मी पाहिली आहे.

संगणक चांगला खेळतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पटावर बसलेल्या माणसाला यंत्राविरुद्ध खेळण्यात रस नसतो, समोर माणूस लागतो. हा आडदांडपणे अंगावर येत नाही. फट शोधतो, मागे शिरतो, आणि तुम्ही आळस केला की नेमकी तीच जागा धरतो. हल्ल्याआधी तुकडीवर बाण नेला की दोन्ही बाजूंचं अंदाजे नुकसान दिसतं, त्यामुळे तीनास एकचा हिशोब कागदावर मांडावा लागत नाही. नशिबाचा भाग आहे, पण एका फाशावर डाव जात नाही.

आता जे पटलं नाही ते. सर्वांत मोठी गोष्ट पाळ्यांची मर्यादा. ठरलेल्या पाळ्यांत ठरलेली शहरं घ्यायचीच, आणि लवकर घेतली तर मोठा विजय आणि पुढच्या मोहिमेसाठी जास्त मान. घाई हा युद्धाचा भाग आहे हे मान्य. पण काही डाव इतके घट्ट बांधले आहेत की त्यांचं गणिताच्या कोड्यासारखं होतं. एकच वाट बरोबर, बाकी सगळ्या चुकीच्या. पाच वेळा हरून ती वाट सापडली की समाधान मिळतं, पण सेनापतीचं नव्हे, कोडं सुटल्याचं. "असं केलं असतं तर काय झालं असतं" हा जो आमच्या खेळाचा प्राण, त्याला अशा डावांत जागा उरत नाही. वकीलसाहेब याच कारणावर मोहीम खेळत नाहीत, सुटे डाव खेळतात. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, पण त्यांचं म्हणणं खोटं नाही.

दुसरं, हल्ल्याच्या निकालाचा तक्ता दिसत नाही. पटावर निकाल का लागला हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि नियम पटला नाही तर आम्ही तो बदलायचो. चिखलाचा आमचा नियम मूळ नियमापेक्षा चांगला होता असं मी आजही म्हणेन. इथे हिशोब यंत्राच्या पोटात. आकडेही माझ्या लॅपटॉपवर बारीक दिसतात. आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि तो प्रश्न सुटला. त्यातून एक नवी रीतही पडली. पूर्वी दोघे विरुद्ध दोघे असायचे, आता चौघे एका बाजूला. माउस एकाकडे, बाकी तिघे सल्लागार, आणि मोठ्या चालीला तिघांची संमती लागते. पस्तीस वर्षं एकमेकांविरुद्ध खेळलेली माणसं एकत्र विचार करायला बसली की कुणाचं डोकं कसं चालतं ते नव्याने कळतं. बापू कमी बोलतात, पण रुळांबाबत आता त्यांचाच शब्द शेवटचा असतो.

पुतणीने याचा दुसरा भागही सांगून ठेवला आहे. तो 2019 चा, ट्युनिशियापासून जर्मनीपर्यंत दोस्त राष्ट्रांची मोहीम. आफ्रिकेचं वाळवंट म्हटल्यावर आम्हा सगळ्यांचे कान टवकारले, पण पहिल्याचे चार डाव अजून बाकी आहेत, ते झाल्याशिवाय नाही.

डबे कपाटातून गेलेले नाहीत. उलट गेल्या महिन्यात एक गुंडाळी बाहेर निघाली. 1994 साली आम्ही पानिपतचा पट आखला होता, कर्नालपासून दिल्लीपर्यंत, मधोमध यमुना. तो खेळ कधी पुरा झालाच नाही, कारण रसदीचा नियम काय ठेवायचा यावर चौघांचं एकमत होईना. आता नानांनी नव्या कागदावर तो पुन्हा आखायला घेतला आहे. दिल्लीहून येणारी वाट लाल रेघेने, अंतर्वेदीतल्या वाटा निळ्या. वाट तुटल्यावर पहिल्या पाळीला फक्त खूण, दुसरीला घोडदळाची चाल निम्मी, तिसरीला हल्ला बंद. सोंगट्या या वेळी जाड लाकडाच्या करून घेणार आहोत, दौलतगंजच्या सुताराशी बोलणं झालं आहे. गोविंदपंतांच्या फौजेला ताकद किती द्यायची यावर गेल्या रविवारी दोन तास गेले, आणि बापू आणि नाना अजून एका आकड्यावर आलेले नाहीत.