डिशवॉशरमधला पांढरा थर: व्हिनेगर की लिंबूसत्त्व?

बोअरचं पाणी, काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर, आणि आता यंत्रात काय घालू, असं वहिनींनी विचारलं. थर कॅल्शियमचा असतो, त्यामुळे व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) ही दोन्ही आम्लं तो विरघळवतात.

ताकदीत लिंबूसत्त्व पुढे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आम्ल जेमतेम ४-५ टक्के, बाकी पाणीच. जुना, जाड थर त्याला दाद देत नाही. लिंबूसत्त्वाची साधारण १०० ग्रॅम पूड रिकाम्या यंत्राच्या तळाशी पसरायची, डिटर्जंट न घालता. मात्र ५० अंशांच्या आसपासचाच प्रोग्रॅम लावा. फार गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट हा सहज न विरघळणारा क्षार तयार होऊन उलट तेच चिकटू शकतं. मिठाच्या कप्प्यात (पाण्याचा जडपणा कमी करणारं डिशवॉशरचं मीठ घालतात तिथे) यातलं काहीही घालू नका, आणि ब्लीच तर जवळही नको.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. व्हिनेगरचा वास मात्र रेंगाळतो, आणि वारंवार वापरल्यास दाराच्या रबराला ते सोसत नाही.

थर नुकताच दिसू लागला असेल आणि घरात व्हिनेगर असेल, तर वाटीभर वरच्या ट्रेमध्ये ठेवून एकदा चालवा. बोअरच्या पाण्यावर रोज चालणाऱ्या यंत्राला लिंबूसत्त्वच हवं. वहिनी, तुम्ही तेच आणा, आणि मीठ संपलंय का तेही बघा.