बी५५० घ्यावा की बी६५०?

एएमडी कंपनीचा प्रोसेसर घेऊन कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की हे दोन मदरबोर्ड हमखास समोर येतात. बी५५० आला जून २०२० मध्ये, एएम४ सॉकेटसाठी (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा). बी६५० ऑक्टोबर २०२२ मध्ये, एएम५ साठी. नावात शंभराचाच फरक, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही आणि रॅमही चालत नाही: पहिल्याला डीडीआर४, दुसऱ्याला डीडीआर५.

किंमत विचारण्याआधी बोर्डावरचे रस्ते बघा. रॅम, ग्राफिक्स कार्डचा मोठा स्लॉट आणि पहिला एम.२ स्लॉट (इथे एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवणारी ड्राइव्ह बसते) थेट प्रोसेसरला जोडलेले असतात. बऱ्याच बोर्डांवर दुसरी एसएसडी, शिवाय साटा (ड्राइव्हची जुनी जोडणी), लॅन, बरेचसे यूएसबी पोर्ट मात्र आधी चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे जातात आणि तिथून एकाच सामाईक वाटेने प्रोसेसरकडे. बी५५० मध्ये ही वाट पीसीआय एक्सप्रेस (डेटा वाहून नेणारी जोडणी) ३ च्या चार लेनची, म्हणजे चार पदरी आहे, सेकंदाला सुमारे ४ जीबी. बी६५० मध्ये पीसीआय एक्सप्रेस ४, म्हणून सुमारे ८ जीबी. एकाच एसएसडीवर गेम खेळणाऱ्याला हे कळणारही नाही. दोन एसएसडींमध्ये व्हिडिओच्या भल्यामोठ्या फाइल्स हलवणाऱ्याला रोज कळेल.

दोन्हींत सारखीच बघायची गोष्ट म्हणजे व्हीआरएम. सॉकेटशेजारचं हे सर्किट १२ व्होल्टचे साधारण एक व्होल्ट करतं. प्रोसेसर १०० वॅट ओढत असेल, तर एवढ्याशा जागेतून जवळपास १०० अँपिअर वाहतात! त्यावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नसलेला स्वस्त बोर्ड नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मी तरी कुणाला घेऊ देणार नाही, मग तो बी६५० का असेना.

डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर बी५५० खुशाल घ्या. एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर त्यावर उत्तम चालतो. फक्त त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागतं. सगळंच नवं घेणार असाल तर माझं मत ठामपणे बी६५०. एएम४ चा रस्ता रायझन ५००० मालिकेपाशी संपतो. एएम५ वर ७०००, ८००० आणि ९००० या तिन्ही मालिका बसतात, नव्यांसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) तेवढं अपडेट करावं लागतं.

जोडताना जपा: एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एएम५ मध्ये बोर्डाच्या सॉकेटात, त्यामुळे तिथे बोट लावू नका. आणि बी६५० पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहिली तर घाबरून बटण बंद करू नका. बोर्ड तेव्हा रॅमशी वेग जुळवून घेत असतो.